आपत्कालीन वैद्यकीय सेवा : सोलापूर

अपघात, हृदयविकाराचा झटका, सर्पदंश, उष्माघात, भाजणे, अडलेले बाळंतपण अशा प्रसंगी रुग्ण दवाखान्यात पोहोचण्याआधी, जागेवर आणि वाटेत जे उपचार होतात, त्यांना आपत्कालीन वैद्यकीय सेवा म्हणतात. रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर किंवा तंत्रज्ञ हे तिचे प्रशिक्षित मनुष्यबळ. त्यांच्याही आधी जो कुणी रुग्णापाशी पोहोचतो, तो प्रथम प्रतिसादक. तो ढाबेवाला असेल, ट्रॅक्टरचालक असेल, पोलीस असेल किंवा शेजारीण. सोलापूर जिल्ह्यात या सगळ्याला मिळून ‘एकशे आठ’ म्हणतात आणि ‘गाडी आली का?’ एवढेच विचारतात. रुग्णाला सिव्हिलला नेऊन सोडणे हेच गाडीचे काम, हा समज त्यामागे आहे. तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. उपचार सुरू होतो तो रस्त्याच्या कडेला किंवा घराच्या ओसरीवर.

महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ साली सुरू झाली. देशात हा क्रमांक सर्वप्रथम २००५ मध्ये हैदराबादेत वापरात आला. गाड्या बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट अशा दोन प्रकारच्या असतात. ऑक्सिजन, तोंडा-घशातला स्राव ओढून काढणारे सक्शन यंत्र, स्ट्रेचर दोन्हींत असते, व्हेंटिलेटर दुसऱ्या प्रकारच्या गाडीत. चालकाला पायलट म्हणतात. अनेक राज्यांत गाडीवर फक्त तंत्रज्ञ असतो, महाराष्ट्रात १०८ वर डॉक्टर असतो, बऱ्याचदा बीएएमएस झालेला. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ क्रमांकाने वेगळी मदत मिळते. गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे.

१०८ ला केलेला फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो. ‘मारुतीच्या देवळाजवळ या’ एवढ्याने तिथे काही उमगत नाही. गाव, तालुका, किलोमीटरचा दगड, पुण्याकडे जाणारी बाजू की हैदराबादकडची, हे सांगावे लागते. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी कामगार घरकुलात १०,००० घरे आहेत, एकासारखे एक. अशा ठिकाणी रात्री कुणीतरी मोबाइलचा उजेड दाखवत कोपऱ्यावर उभे राहिले, तर मोलाची मिनिटे वाचतात. हेही प्रथम प्रतिसादकाचेच काम आहे.

जिल्ह्यातला सर्वांत अवघड भाग रस्त्यांचा. पुणे-हैदराबाद महामार्ग टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर, बोरामणी असा जातो. विजयपूर, तुळजापूर, मंगळवेढा इकडचे रस्तेही शहरात येऊन मिळतात. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर कारखान्यांकडे चालतात. मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही आणि दुचाकीस्वार थेट मोळ्यांवर आदळतो. मार तोंडाला, मानेला, छातीला बसतो.

अशा जागी पायलट आधी गाडी आडवी लावतो, म्हणजे मागून येणारे वाहन जखमीवर चढत नाही. रक्त उसळत असेल तर तिथे आधी हात पडतो. मग श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास चालतो का, नाडी लागते का, हे पाहिले जाते. हेल्मेट काढायला दोन माणसे लागतात : एक जबडा आणि मानेमागून आधार देऊन डोके जराही हलू न देणारा, दुसरा हेल्मेटच्या कडा फाकवत ते सावकाश ओढणारा. मग मानेला कॉलर आणि पाठीखाली बोर्ड. त्याच जखमीला चौघांनी हातपाय धरून टमटममध्ये घातले, तर मणक्यातली मज्जारज्जू दुखावून माणूस जन्माचा अधू होऊ शकतो. वाहनाला आग लागली असेल किंवा दुसरे वाहन अंगावर येण्याची भीती असेल तरच जखमीला हलवावे.

सर्पदंशाबाबत गैरसमज फार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून आणण्याची गरज नाही. आवळपट्टी बांधू नये, चीर देऊ नये, चोखू नये. हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णाला चालू देऊ नये. मण्यारीचा दंश विशेष फसवा. कोपीत किंवा वस्तीवरच्या घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री ती चावते, दुखत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या मिटायला लागतात. काही वेळाने श्वासाचे स्नायूही थकतात. तेव्हा गाडीतला डॉक्टर अँब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, दाबत राहतो, दवाखाना येईपर्यंत, हात भरून आले तरी. करमाळ्यासारख्या टोकाच्या तालुक्यातून सोलापूर शंभर किलोमीटरहून दूर आहे, हे लक्षात घेतले की त्या हातांचे मोल कळते. घोणसच्या विषाने रक्त गोठत नाही. दवाखान्यात थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त वाहिले, तर प्रतिविष लगेच सुरू होते.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हातल्या कामावर माणूस बरळू लागला आणि अंग तापून निघाले, तर तो उष्माघात समजावा. इथे आधी थंडावा, मग प्रवास. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचे, वारा घालायचा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवायचा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालायचे नाही.

आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात. पालखीमार्गावर रुग्णवाहिका जागोजागी उभ्या असतात. वाखरीपुढच्या गर्दीत गाडी शिरत नाही, तिथे दुचाकी रुग्णवाहिका आणि पायी चालणारी पथके उपयोगी पडतात. चंद्रभागेतून बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून पाणी काढण्याची जुनी रीत घातक आहे. त्यात वेळ जातो आणि पोटातले श्वासनलिकेत उतरते. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छाती दाबावी : मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास.

मदत करणाऱ्याला पोलिसांचे लफडे नको असते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या भीतीची दखल घेतली. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३४-अ आले. आता अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी पहिल्या ७ दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोकड उपचारांची केंद्राची योजना आहे. या दोन गोष्टी प्रत्येक टोलनाक्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला हव्यात.

सोलापुरात एक कौशल्य अभ्यासक्रमाबाहेरचे लागते. शहराच्या पूर्व भागात विणकर घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड. घाबरलेला रुग्ण आपल्या घरच्या भाषेवर येतो. म्हणून इथे काम करणाऱ्याला ‘कुठं दुखतंय?’ या प्रश्नाबरोबर ‘एक्कड नोप्पी?’ आणि ‘एल्ली नोवु?’ हेही यावे लागते. छातीवर हात धरून बसलेली विडी कामगार आजी मराठीत नुसती मान हलवते. तेलुगूत विचारले की डाव्या खांद्यावरून कोपरापर्यंत बोट फिरवून दाखवते, आणि डॉक्टर ईसीजीच्या वायरी सोडवायला घेतो.