कुंभारीण
मातीचे घर बांधून एकटीनेच पिल्लांच्या अन्नाची तजवीज करणाऱ्या गांधीलमाश्यांचे मराठी नाव. यांच्यात राणी-कामकरी हा भेद नाही. या नावाखाली दोन वेगळी कुले येतात : स्फेसिडी कुलातील स्केलिफ्रॉन कोळी धरते, व्हेस्पिडी कुलातील युमेनीस व डेल्टा अळ्या धरतात. लोकव्यवहारात हा भेद पाळला जात नाही.

वडोदऱ्यात दांडिया बाजार, वाडी भागांतल्या जुन्या मराठी घरांना तसबिरीमागचे मातीचे ढेकूळ परिचयाचे आहे. माशी ओल्या मातीची गोळी जबड्यात धरून आणते. गोळी थापताना बारीक गुणगुण ऐकू येते आणि घर वाळल्यावरही गोळीगोळीचा वळ निराळा दिसतो. स्केलिफ्रॉनचे घर फोडले तर आतले कोळी मेलेले वाटतात. काडी लावताच एखादा पाय हलतो. ते नांगीच्या विषाने लुळे पडलेले असतात. स्केलिफ्रॉन बहुधा पहिल्या कोळ्यावर अंडे घालते. युमेनीस आधी अंडे छताला तंतूने टांगते, मग अळ्या भरते. नांगी नेमकी मज्जाकेंद्रावरच बसते, असे फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ फाब्र यांचे मत होते. अमेरिकन कीटक-अभ्यासक दांपत्य जॉर्ज व एलिझाबेथ पेकहॅम यांना (१८९८) डंखांत बरीच तफावत आढळली. काही भक्ष्ये मेली तरी पिल्ले ती खातच राहिली. पेकहॅम यांचे निरीक्षण अधिक ग्राह्य वाटते.

भारतीय परंपरेत ही माशी कीटक-भृंगी न्यायामुळे प्रसिद्ध आहे : कोंडलेला किडा भीतीने तिचेच ध्यान करतो व तिच्यासारखा होतो. भागवतात (७.१, ११.९) तिला ‘पेशस्कृत्’ म्हटले असून अवधूताच्या चोवीस गुरूंत ती शेवटची आहे. एकादश स्कंधावरील एकनाथांच्या टीकेमुळे (शके १४९५) अवधूताचे हे गुरू मराठीत घरोघरी पोचले. बृहदारण्यक उपनिषदातील (४.४.४) ‘पेशस्कारी’शी ‘पेशस्कृत्’ या शब्दाचे नाते वादग्रस्त आहे. शंकराचार्य तेथे सोनार घेतात, काही आधुनिक अभ्यासक विणणारी स्त्री. ‘रूप घडवणारी’ हा अर्थ धरला तर माशीलाही तो लागू पडतो. भागवताच्या श्लोकातला ‘कीट’ म्हणजे अळी असेल, तर त्यातली माशी युमेनीस-डेल्टा गटातली असावी. ‘पूर्वरूपमसन्त्यजन्’, म्हणजे पहिला देह न सोडता, हे मात्र प्राणिशास्त्राला मान्य नाही. आत गेलेली अळी खाल्ली जाते. गोल भोक पाडून बाहेर येते ती कुंभारणीची लेक. गुजरातीत हाच दृष्टांत इयळ-भमरीचा (इयळ म्हणजे अळी, भमरी म्हणजे ही माशी), आणि वडोदऱ्याच्या मराठी बोलण्यात ‘भमरी’ सहज येऊन जाते.

माणसाला ही माशी क्वचितच डसते. नराला नांगी नसते.