फॅकल्टीच्या नोटिशीमागचा इतिहास

सायन्सला चार-पाच वर्षं काढलेल्या कुणालाही फॅकल्टीकडून, म्हणजे विद्याशाखेकडून, दर महिन्याला येणारी ती मेल वेगळी समजावून सांगायला नको. वर कुणाला तरी मिळालेलं अवॉर्ड, मग गुरुवारचा सेमिनार, मग पीएचडीच्या दोन जागा, एक पोस्टडॉक (पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची रिसर्चची जागा), समर इंटर्नशिप, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात शेवटची तारीख, जी बहुतेक वेळा परवाच होऊन गेलेली असते. मी कित्येक वर्षं ही मेल नुसती स्क्रोल करून उडवायचो. नंतर कधीतरी यातली एकेक गोष्ट आली कुठून हे शोधायला बसलो तर कळलं की सगळ्याच ओळी वेगवेगळ्या वयाच्या आहेत, काही दोनशे वर्षांच्या तर काही पन्नास, आणि "जागा आहे, कुणीही अर्ज करा" असं चारचौघांत जाहीर सांगायची पद्धत वाटते तितकी जुनी अजिबात नाही.

आधी फॅकल्टीचंच बघू. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या तीन मोठ्या फॅकल्टी, आणि त्यांच्या आधी सगळ्यांनी करायची ती आर्ट्स किंवा फिलॉसॉफी. सायन्सला वेगळं घरच नव्हतं, गणित आणि भौतिकशास्त्र फिलॉसॉफीत, वनस्पतीशास्त्र आणि रसायनशास्त्र बरंचसं वैद्यकाच्या पदराखाली. नेपोलियनने 1808 मध्ये फ्रान्समधल्या विद्यापीठांची नवी घडी बसवली तेव्हा सायन्सची वेगळी फॅकल्टी आली खरी, पण तिचं बरंचसं काम परीक्षा घेऊन डिग्र्या देण्याचंच होतं. लंडन विद्यापीठाची बीएस्सी 1860 ची. जर्मनीत पहिली स्वतंत्र सायन्स फॅकल्टी ट्युबिंगेनला 1863 मध्ये. म्हणजे आपण जिला अनादी काळापासूनची समजतो ती डिग्री रेल्वेपेक्षाही लहान आहे.

पण खरी मजा फॅकल्टीत नाही, लॅबमध्ये आहे. 1824 मध्ये युस्टुस लीबिग नावाचा 21 वर्षांचा पोरगा जर्मनीतल्या गीसेन नावाच्या लहानशा गावात रसायनशास्त्राचा प्रोफेसर झाला. आता ही जागा त्याला कशी मिळाली? जाहिरात नाही, इंटरव्ह्यू नाही. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या त्या काळच्या नावाजलेल्या शास्त्रज्ञाने तिथल्या राजाकडे शब्द टाकला आणि राजाने विद्यापीठाला न विचारताच नेमणूक करून टाकली. आजच्या भाषेत याला सरळ वशिला म्हणतात, फक्त या वशिल्यातून जगाला आधुनिक केमिस्ट्रीची लॅब मिळाली. सैनिकांच्या बराकीतल्या एका जागेत लीबिगने विद्यार्थ्यांना हाताने काम करायला लावलं, प्रत्येकाला स्वतःचा प्रॉब्लेम दिला, आणि बघता बघता बाहेरच्या देशांतूनही पोरं येऊ लागली. पुढे नावाजलेला केमिस्ट झालेला केकुले तर तिथे आर्किटेक्चर शिकायला आलेला, लीबिगची लेक्चर्स ऐकली आणि लाइनच बदलली. गुरुवारच्या सेमिनारचा पणजोबाही याच काळातला, क्योनिग्सबर्गला नॉयमान आणि याकोबी यांनी 1834 मध्ये गणित-भौतिकशास्त्राचा सेमिनार सुरू केला, त्यात विद्यार्थ्यांनी नुसतं ऐकायचं नसून स्वतः गणितं सोडवून आणायची असत (हा भाग आता आपण सोयीस्कर विसरलोय).

मग पैसा. जागा असून उपयोग काय, पोट कसं भरणार. इथे 1851 सालच्या लंडनच्या त्या अवाढव्य प्रदर्शनाचा संबंध येतो, कारण त्यातून 1,86,000 पाउंड उरले, आणि ते सांभाळणाऱ्या कमिशनने 1891 पासून साम्राज्यातल्या हुशार सायन्सवाल्यांना रिसर्चसाठी स्कॉलरशिप द्यायला सुरुवात केली, वर्षाला 150 पाउंड. न्यूझीलंडमधून 1895 साली ही मिळाली मॅक्लॉरिन नावाच्या केमिस्टला. त्याने ती नाकारली म्हणून दुसऱ्या नंबरच्या पोराला गेली, त्या पोराचं नाव अर्नेस्ट रदरफर्ड. वेटिंग लिस्टवरून आलेला माणूस अणूचं केंद्रक शोधतो, बोला. रदरफर्ड ही स्कॉलरशिप घेऊन गेला केंब्रिजला, आणि गंमत म्हणजे केंब्रिजने बाहेरच्या ग्रॅज्युएट लोकांना रिसर्च स्टुडंट म्हणून घ्यायचा नियमही नेमका 1895 मध्येच केलेला, वर्षभर आधी गेला असता तर हा रस्ताच नव्हता. आणि पीएचडी? ती रदरफर्डकडे नव्हतीच, कारण ब्रिटनमध्ये ही डिग्री पहिल्यांदा ऑक्सफर्डने 1917 मध्ये आणली. अमेरिकेत येलने 1861 मध्येच दिलेली, आणि 1876 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ उघडलं तेव्हा रिसर्च करणाऱ्या तरुणांसाठी 500 डॉलरच्या 20 फेलोशिप ठेवल्या होत्या.

तरीपण एक गोष्ट बराच काळ तशीच राहिली, जागा आहे हे कळायचं ते ओळखीतूनच. प्रोफेसर आपला असिस्टंट स्वतः निवडायचा, दुसऱ्या प्रोफेसरला पत्र टाकून विचारायचा "कुणी चांगलं आहे का", विषय संपला. या पद्धतीत ज्याचं प्रोफेसरशी पटत नाही त्याचं काय होतं याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे आइनस्टाइन. 1900 मध्ये झुरिकहून पास झाला, बरोबर पास झालेल्या मित्रांना तिथेच असिस्टंटशिप मिळाली, याला नाही. मग त्याने पत्रांचा सपाटा लावला. मार्च 1901 मध्ये लायपझिगच्या ओस्टवाल्ड या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरला लिहिलं, उत्तर नाही, एप्रिलमध्ये परत कार्ड टाकलं, मागच्या पत्रात पत्ता लिहिलेला की नाही ते आठवत नाही असं निमित्त करून. ही आयडिया आपल्यातल्या किती जणांनी वापरलीय ते आपापल्या मनाला विचारा, "सर, मागची मेल स्पॅममध्ये गेली असेल तर". मग त्याच्या वडिलांनी, मुलाला न सांगता, ओस्टवाल्डला पत्र लिहिलं की पोरगा फार खचलाय, दोन शब्द तरी लिहा. तेही वाया. 12 एप्रिलला लायडनचा फिजिक्सचा प्रोफेसर कामरलिंग ओनेसला जोडकार्ड गेलं, उत्तराच्या अर्ध्या भागाचे पैसे आधीच भरलेले, नुसतं लिहून पेटीत टाकायचं होतं. ते उत्तराचं कार्ड कोरंच राहिलं आणि आता लायडनच्या म्युझियममध्ये आहे. शेवटी मित्राच्या, ग्रोसमानच्या, वडिलांनी बर्नच्या पेटंट ऑफिसच्या डायरेक्टरकडे शब्द टाकला आणि 1902 मध्ये नोकरी लागली, म्हणजे तिथेही ओळखच. आणि 1910 च्या नोबेलसाठी आइनस्टाइनचं नाव सगळ्यात आधी सुचवलं कुणी, तर याच ओस्टवाल्डने.

याची दुसरी बाजू 1924 ची. ढाका विद्यापीठातले सत्येंद्रनाथ बोस, तिथे रीडर, परदेशात जायला रजा हवी होती पण काम अडलेलं. त्यांनी आपला पेपर थेट आइनस्टाइनला पाठवला, त्याने स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापवला आणि एक पोस्टकार्ड पाठवलं. ते कार्ड कुलगुरूंना दाखवल्यावर दोन वर्षांची रजा मंजूर. ज्याची स्वतःची कार्डं कुणी बघितली नाहीत त्याचं एक कार्ड आता दरवाजे उघडत होतं, पण पद्धत बदललेली नव्हती बरं का, फक्त कार्ड लिहिणारा माणूस मोठा झाला होता.

नोटिशीत नाव कुणाचं येतं हा अजून एक किस्सा. ग्यॉटिंगेनला 1916-17 च्या हिवाळी सत्रात एक सेमिनार जाहीर झाला: प्रोफेसर हिल्बर्ट, डॉक्टर ई. नोएथर यांच्या साहाय्याने, सोमवारी 4 ते 6, फी नाही. हिल्बर्ट तिथला मोठा गणितज्ञ, पण शिकवायची खरं तर एमी नोएथर, तीही गणितज्ञच. पण बाईला स्वतःच्या नावाने लेक्चर लावायची परवानगी नव्हती, ती मिळाली 1919 मध्ये, आणि पगार त्यानंतरही लगेच नाही. आपल्याकडे कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी, 1933 मध्ये मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिल्या आल्या, बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला, तिथले डायरेक्टर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाही म्हटलं, तर त्या जाऊन ठाणच मांडून बसल्या. शेवटी वर्षभर प्रोबेशनच्या अटीवर घेतलं. पुढे 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी. जागा होती, मार्क होते, नियमात बसत होतं, तरी भांडावं लागलं.

बाकीच्या ओळी पटकन सांगतो. पोस्टडॉक ही भानगड अमेरिकेत 1919 मध्ये रॉकफेलरच्या पैशातून नॅशनल रिसर्च कौन्सिलने फिजिक्स-केमिस्ट्रीसाठी फेलोशिप काढल्या तेव्हापासून जोरात आली. तेव्हा ती मिळणं म्हणजे मान होता, आज दोन-दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर तीन पोस्टडॉक केलेल्यांना विचारा. अंडरग्रॅज्युएट पोरांना प्रोफेसरच्या रिसर्चमध्ये घ्यायची व्यवस्थित स्कीम एमआयटीत 1969 मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी सुरू केली, आजच्या बऱ्याच इंटर्नशिप त्याच वळणाच्या. नंतर ईमेल आणि वेब आलं, आणि नोटीस बोर्डावरच्या पिन निघून सगळं इनबॉक्समध्ये आलं.

आता जागा जाहीर होते, लिंक असते, ओळख लागत नाही असं वाटतं. मीही तसंच समजून एकदा फॉर्म भरायला बसलो, सीव्ही, मार्कशीट, स्टेटमेंट ऑफ पर्पज, सगळं झालं, आणि शेवटच्या पानावर दोन चौकोन, रेफरन्स देणाऱ्यांची नावं आणि ईमेल. म्हणजे हुम्बोल्टचा शब्द आणि आइनस्टाइनचं कार्ड अजून तिथेच होतं, फॉर्मच्या तळाशी. माझ्या एका सरांनी पत्र वेळेत टाकलं. दुसऱ्यांना पोर्टलची लिंक गेली ती स्पॅममध्ये, आणि डेडलाइनच्या रात्री साडेअकराला मी त्यांना तिसऱ्यांदा मेसेज टाइप करत होतो, सर, मागची मेल मिळाली नसेल म्हणून परत पाठवतोय.