ताठ टोकाचा मऊ बाण

लाकडी बाण मोडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी, लोखंडी टोकाच्या लगेच मागे. नेम चुकून दगडावर आदळला की मागच्या सगळ्या लाकडाचा रेटा त्या दोन बोटं जागेवर येतो आणि काडी तुटते. यावर जुना सुतारी तोडगा असा: काडी हलक्या लाकडाची ठेवायची, पण पुढचा वीतभर भाग कठीण लाकडाचा जोडायचा. इंग्लंड-अमेरिकेतले तिरंदाज या जोडाला ‘फुटिंग’ म्हणतात. काडी बहुधा पाइनची किंवा पोर्ट ऑर्फर्ड सीडरची, आणि जोड हिकरी, पर्पलहार्ट अशा कुणाचा तरी. पर्पलहार्ट खरोखरच जांभळं असतं, त्यामुळे बाण देखणाही होतो.

कल्पना मात्र फार जुनी. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ओट्झी या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या भात्यात १४ बाण होते. त्यातले दोनच पुरे झालेले, आणि त्या दोनांतल्या एकाला पुढे वेगळ्या लाकडाचा तुकडा होता. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यातही बोरूच्या काड्यांना पुढे कठीण लाकूड जोडलेले बाण मिळाले. (आपला ‘शर’ हा शब्दही मुळात अशाच एका उंच गवताचा.)

टोक मजबूत झालं हे उघड आहे. पण बाण ताठ झाला का?

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण धनुष्याची मूठ बाणाच्या वाटेतच असते. दोरी मुठीच्या मध्याकडे झेपावते आणि बाण टेकलेला असतो मुठीच्या कडेला. तरी तो नेमावर जातो, कारण सुटताना तो वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि पुढे बराच वेळ मासळीसारखा वळवळत जातो. या कोड्याला ‘आर्चर्स पॅराडॉक्स’ म्हणतात. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण गरजेपेक्षा ताठ असेल तर डावीकडे जातो, मऊ असेल तर उजवीकडे.

ताठपणा मोजायची रीत अगदी साधी. काडी २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायची, मधोमध दोन पौंडांचं वजन टांगायचं आणि ती किती लवते ते पाहायचं. २६ ला त्या इंचांनी भागलं की ‘स्पाइन’ मिळतो. अर्धा इंच लवली तर ५२ पौंड.

आता घरातली कपडे वाळत घालायची काठी दोन खुर्च्यांवर आडवी ठेवा आणि मध्ये पाण्याची बादली अडकवा. काठीच्या एका टोकाला दुसरी आखूड जाड काठी घट्ट बांधून पाहा: बाक जवळजवळ तेवढाच. तीच जोडकाठी मधोमध बांधा, फरक लगेच दिसेल. वाकवणारा जोर मध्यावर सर्वांत जास्त असतो आणि टेकूपाशी शून्य. फुटिंग बसतं नेमकं टोकाला, जिथे वाकायचं कुणाला पडलेलंच नसतं.

मी गणित मांडून पाहिलं. २८ इंची सीडरच्या काडीला आठ इंचांचं पर्पलहार्ट, त्यातले तीन इंच भरीव आणि पाच इंच निमुळता सांधा. पर्पलहार्ट सीडरच्या पावणेदोन पटींहून थोडं अधिक ताठ, तरीही बाक कमी झाला जेमतेम दीड टक्का. पन्नास स्पाइनच्या काडीत हा फरक ०.२ मिलिमीटर, कागदाच्या दोन पानांएवढा. दुकानात काड्या पाच-पाच पौंड स्पाइनच्या गटांत विकतात. त्या मापात हा फरक एक पौंडसुद्धा भरत नाही.

वजनाचं तसं नाही. पर्पलहार्ट सीडरच्या जवळपास दुप्पट जड. ११/३२ इंच जाडीची अख्खी सीडरची काडी सुमारे २० ग्रॅमची, आणि जोडामुळे पुढच्या बाजूला वाढतात साडेतीन ग्रॅमच्या आसपास. शाळेत बाकाच्या कडेवर पट्टी दाबून ट्रर्र आवाज काढला असेल, तर तिच्या टोकाला कणकेचा गोळा चिकटवून बघा. आवाज खाली येतो, पट्टी संथ डोलते. पट्टी तीच, पण वागते मऊ असल्यासारखी. बाणाचंही तेच होतं. दोरी मागून ढकलते, पुढचं जड टोक जागचं हलायला कुरकुरतं, आणि मधली काडी जास्त वाकते. टेकूंवर ठेवून मोजलं तर बाण किंचित ताठ, सोडला तर बहुतेक वेळा मऊ. कठीण लाकूड जोडून हे व्हावं, याची मला अजून गंमत वाटते.

सांधा पाच इंच कशाला, एक इंच का नाही? लाकडाची आडवी कापलेली तोंडं सरसाने नीट चिकटत नाहीत, रेषांच्या दिशेने तासलेले लांब पृष्ठभागच धरतात. शिवाय मऊ लाकूड एकदम कठीण लाकडाला भिडलं तर सगळा ताण त्या रेघेवर साचतो, आणि टोकामागे मोडणारा बाण आता सांध्यावर मोडेल. म्हणून काडीचं टोक रंध्याने पाचरीसारखं निमुळतं करतात, कठीण लाकडाला मधून चीर पाडून ती पाचर आत बसवतात, आणि सरस वाळला की सगळं गोल तासतात. काडीच्या दोन्ही अंगांना जांभळ्या लाकडाचे दोन लांब सुळे उरतात.

या दोन सुळ्यांचीही एक खोड आहे. कठीण लाकूड दोनच बाजूंना असल्याने काडीचा पुढचा भाग एका दिशेला दुसरीपेक्षा थोडा जास्त ताठ होतो. चार सुळ्यांच्या जोडात हा भेद मिटतो, पण त्याला दोन चिरा, दोन पाचरी आणि दुप्पट सहनशक्ती लागते. दोनच सुळे ठेवले तर सगळ्या बाणांचे सुळे दोरीच्या खाचेच्या मानाने एकाच दिशेला बसवावेत, म्हणजे निदान सगळे बाण सारखे वागतील. आणि जोड लावायचाच असेल तर काडी मुळात एक गट वरची, अधिक ताठ निवडावी, किंवा लोखंडी टोक हलकं घ्यावं.