कालप्रवासाची कादंबरी निवडताना : भूतकाळ बदलतो का, या वादाची पार्श्वभूमी

कालप्रवासावरची कादंबरी घ्यायची म्हटली की वाचक आधी काळ विचारतो. मध्ययुगीन युरोप हवा, कालपरवाचा इतिहास हवा की दूरचे भविष्य? मग यंत्र कसे आहे ते बघतो. माझ्या मते दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. मागच्या काळात गेलेल्या माणसाला तिथे काही बदलता येते का, आणि एकदा दिलेले उत्तर लेखक शेवटच्या पानापर्यंत पाळतो का, यावर कादंबरी तगणार की दीडशे पानांत सैल पडणार हे ठरते. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक कालप्रवासी कादंबऱ्यांची यासंबंधीची उत्तरे साधारण १९३९ ते १९९२ या काळात घडली.

त्याआधीचे फार सांगण्यासारखे नाही. पुराणातला ककुद्मी राजा मुलगी रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, तिथले गाणे संपेपर्यंत थांबला आणि परत येईतो पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. जपानच्या कोळ्याची आणि अमेरिकेतल्या वीस वर्षे झोपलेल्या गावकऱ्याची गोष्ट याच जातीची. माणूस पुढे जातो, उशिरा पोहोचतो, हळहळतो. तर्काची अडचण कुठेच येत नाही. १८९५ ची ‘द टाइम मशीन’सुद्धा पुढेच जाते, थेट इसवी सन ८०२७०१ मध्ये आणि त्याच्याही पलीकडे. तिने यंत्र रूढ केले हे खरे, पण पहिले यंत्र तिचे नव्हे. १८८७ मध्येच एका स्पॅनिश कादंबरीत ते येऊन गेले होते. इतिहासात ढवळाढवळ केली तर काय, हा प्रश्न मात्र तिने घेतलाच नाही. तिचा सगळा रोख तेव्हाच्या इंग्लंडमधल्या मालक-मजूर दरीवर होता.

१८८९ च्या एका अमेरिकन उपहासात्मक कादंबरीत डोक्यावर फटका बसलेला कारखान्यातला माणूस सहाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पोहोचतो. तिथे शाळा काढतो, तारा आणि टेलिफोन टाकतो. शेवटी सगळे उद्ध्वस्त होते आणि इतिहास पुन्हा आपल्या जुन्या वाटेला लागतो. लेखकाने हे तर्कासाठी केले असे नाही. त्याला राजेशाही आणि यंत्रयुग दोघांचीही टर उडवायची होती, आणि शेवटी पाटी कोरी करणे सोयीचे होते.

खरी सुरुवात १९३९ मध्ये अमेरिकन मासिकांतून झाली. त्या वर्षी एका मासिकात आलेल्या आणि पुढे पुस्तकरूपाने निघालेल्या कादंबरीत एक तरुण पुरातत्त्वज्ञ विजेच्या लोळाबरोबर सन ५३५ च्या रोममध्ये जाऊन पडतो. पोटापाण्यासाठी तो आधी ब्रँडी गाळायला लागतो. भांडवल हवे म्हणून सावकाराला हिशेबाची नवी पद्धत शिकवतो. मग छपाई आणतो आणि युरोपचे अंधारयुग टाळायच्या मागे लागतो. इतिहास हे झाड असून नव्या घटनेने त्याला नवी फांदी फुटते, हे लेखक सुरुवातीच्याच पानांत एका पात्राच्या तोंडून सांगून मोकळा होतो. एवढ्या एका वाक्यावर पुढचा सगळा डोलारा उभा आहे. नायकाने सहाव्या शतकात काहीही केले तरी विसाव्या शतकातले त्याचे जन्मगाव सुखरूप राहते.

दुसरे उत्तर १९४१ मध्ये त्याच मासिकविश्वातून आले. एका लांब कथेतला माणूस भविष्यातून आलेल्यांशी भांडतो, आणि ते सगळे वेगवेगळ्या वयांतला तोच असतो. काहीच बदलत नाही. जे घडले होते तेच पुन्हा दुसऱ्या बाजूने दिसते. तिसरे उत्तर १९४३ च्या एका फ्रेंच कादंबरीत आहे. तिचा नायक तरुण नेपोलियनला मारायला जातो, मधे भलताच माणूस मरतो आणि तो नेमका त्याचाच पूर्वज निघतो. आजोबांना मारले तर नातू कुठून येणार, ही आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेली अडचण तिथून पक्की झाली. १९५५ मध्ये एका अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने या तिसऱ्या उत्तराचे कार्यालयच उघडले. त्याच्या कादंबरीत काळाबाहेर बसलेली एक यंत्रणा मानवजातीच्या भल्यासाठी इतिहासात लहानात लहान फेरफार करत असते आणि कोट्यवधी माणसे पुसली जातात. सरकारी कामकाजाचा अनुभव असलेल्याने ती जरूर वाचावी.

म्हणजे फांदी फुटते, काहीच बदलत नाही, किंवा सगळेच बदलते. आजही वाद आहे तो मधल्या उत्तरावरून. बरेच वाचक त्याला नियतिवादी म्हणतात आणि काही समीक्षकही. शेवट ठरलेलाच असेल तर नायकाच्या धडपडीला अर्थ काय, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप वजनदार आहे, पण या बाजूचा इतिहास तपासल्याशिवाय मान्य करण्यासारखा नाही.

१९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन कादंबरीत नायिकेला दूरच्या ताऱ्यापर्यंत झटपट पोहोचवायचे होते. लेखक स्वतः खगोलशास्त्रज्ञ. हस्तलिखितात त्याने कृष्णविवरातून वाट काढली होती. ते चालेल ना, म्हणून त्याने कॅलिफोर्नियातल्या सापेक्षतावादाच्या जाणकार मित्राला विचारले. मित्राने कृष्णविवर बाद करून वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या ठिकाणांना जोडणारा आखूड बोगदा, सुचवला आणि तो उघडा ठेवायला कोणत्या विचित्र गुणधर्माचा पदार्थ लागेल याचे गणित मांडले. त्या गणितातून १९८८ मध्ये शोधनिबंध निघाले. त्यांतून आणखी एक निघाले: असा वर्महोल असलाच, तर त्याचे एक तोंड प्रचंड वेगाने फिरवून आणले की तोच कालयंत्र होतो. विज्ञानावरून कादंबरी सुचल्याची उदाहरणे ढीगभर आहेत. कादंबरीच्या मसुद्यातल्या शंकेवरून विज्ञानात नवी शाखा फुटल्याचे हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण.

यावर दुसऱ्या एका भौतिकशास्त्रज्ञाने पत्र लिहून खोच काढली. आजोबा नको, नातूही नको, माणसाच्या इच्छेचा प्रश्नच नको. एक बिलियर्डचा चेंडू घ्या. तो वर्महोलमध्ये शिरतो, थोड्या आधीच्या वेळी दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतो आणि आत शिरायला निघालेल्या स्वतःलाच ठोकून बाजूला सारतो. मग आत गेला कोण? कॅलिफोर्नियातल्या गटाने गणित सोडवले तेव्हा उत्तर अनपेक्षित आले. बाहेर येणारा चेंडू जुन्याला ठोसा न देता कॅरममधल्या ओझरत्या कटसारखा निसटता स्पर्श करतो. त्या स्पर्शाने जुना चेंडू किंचित वाकडा आत शिरतो, आणि वाकडा शिरल्यामुळेच बाहेर आल्यावर त्याचा फटका निसटता बसतो. घटना स्वतःलाच जुळवून घेते. अशी सुसंगत उत्तरे एकापेक्षा जास्त निघाली. म्हणजे भूतकाळ बदलत नाही, तरीही नेमके काय घडेल ते आधीपासून सांगता येत नाही. विसंगत घटना घडूच शकत नाहीत, हा सिद्धांत एका सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञाने त्याआधीच मांडला होता. १९९२ मध्ये एका इंग्रज शास्त्रज्ञाने याच्याही पुढे जाऊन कालयंत्र बनूच नये अशी निसर्गाची व्यवस्था असावी, असे अनुमान केले. २००९ मध्ये त्याने कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रणे मेजवानी उरकल्यावर जाहीर केली. कोणी आले नाही.

नियतिवादाचा आक्षेप इथे लंगडा पडतो. न बदलणाऱ्या भूतकाळाच्या कादंबरीत वाचकाला शेवट माहीत असेलही. तो कसा आणि कोणाच्या हातून झाला हे माहीत नसते. इतिहास वाचणाऱ्याला ही स्थिती परकी नाही. पानिपताचा निकाल ठाऊक असूनही आपण पानिपताची पुस्तके वाचतोच. १९९२ ची ‘डूम्सडे बुक’ याच बळावर उभी आहे. ऑक्सफर्डची एक विद्यार्थिनी चौदाव्या शतकात अभ्यासाला जाते. प्रवाशामुळे इतिहासाला धक्का लागणार असे दिसले, तर यंत्रणाच त्याला काही मिनिटे, दिवस किंवा कोस बाजूला सरकवते. तिच्या हातात इतिहास नाही. हातात आहेत ती समोरची आजारी माणसे आणि त्यांची शुश्रूषा.

त्याआधीची, १९७९ ची ‘किंड्रेड’ मात्र यंत्राविना आणि स्पष्टीकरणाविना चालते. तिच्या लेखिकेनेही तिला विज्ञानकथा मानले नाही. कॅलिफोर्नियातली एक कृष्णवर्णीय लेखिका १९७६ मध्ये नव्या घरात पुस्तके लावत असताना एकाएकी गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते आणि नदीत बुडणाऱ्या एका गोऱ्या मुलाला वाचवते. मुलगा गुलामांच्या मालकाचा. तिच्या वंशावळीत त्याचे नाव आहे. आपली पूर्वज जन्माला येईपर्यंत त्याला जिवंत ठेवणे तिला भाग आहे, आणि तो मोठा होतो तसा मालक होत जातो. शेवटच्या फेरीत आपला हात गेला, हे ती पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. आजोबांच्या कोड्यातला सगळा खेळकरपणा इथे संपतो. पणजोबांना मारता येत नाही, एवढेच नव्हे, त्यांना जगवावे लागते. या प्रकारातले एकच पुस्तक वाचायचे असेल तर मी हे सुचवेन.

मराठीत या वादाची हजेरी कादंबरीतून नव्हे, एका कथेतून लागली. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा देणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाच्या त्या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा मुंबईत पोहोचतात जिथे कंपनी सरकार अजून टिकून आहे. टाउन हॉलच्या ग्रंथालयात ते स्वतःचेच ग्रंथ चाळतात आणि कळते, की १७६१ मध्ये विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाजवळून गेली. परत येतात तेव्हा बखरीचे एक पान खिशात असते. काटेकोर बोलायचे तर हा कालप्रवासच नाही. प्राध्यापक मागे जात नाहीत, शेजारच्या फांदीवर जातात, आणि १९५७ मध्ये पुंजभौतिकीत (क्वांटम फिजिक्समध्ये) मांडल्या गेलेल्या अनेक विश्वांच्या कल्पनेशी त्याचे नाते आहे. तरी ‘पानिपत जिंकलो असतो तर’ ही प्रत्येक मराठी घरातली चर्चा एवढ्या तर्कशुद्धपणे दुसऱ्या कोणी हाताळलेली नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत नियम लपवण्याऐवजी तो दारातच टांगायची पद्धत आली. २०११ च्या एका जाडजूड अमेरिकन कादंबरीत कोठारघरातली वाट नेहमी सप्टेंबर १९५८ मधल्या त्याच क्षणी उघडते. प्रत्येक नव्या फेरीला आधीचे केलेले पुसले जाते आणि तिथे कितीही वर्षे काढली तरी इकडे दोनच मिनिटे जातात. केनेडींना वाचवायचे तर पाच वर्षे तिथेच राहायला हवे. २०१५ च्या एका जपानी पुस्तकात ठरावीक खुर्चीवर बसून, कॉफी गार होईपर्यंतच मागे जाता येते आणि काहीही केले तरी वर्तमान बदलत नाही. ते जगभर खपले. न बदलणारा भूतकाळ वाचकाला रुचत नाही, हे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. चीनमध्ये जुन्या राजवटींत जाणाऱ्या आधुनिक नायिकांच्या मालिकांचा पूर आला, तेव्हा २०११ मध्येच तिथल्या प्रसारण नियंत्रकांनी नापसंती जाहीर केली. गंभीर इतिहासाशी थट्टा होते, असा त्यांचा मुद्दा होता. भूतकाळ बदलतो ही कल्पना सत्तेला नुसती करमणूक वाटत नाही, एवढे त्यावरून दिसले.

२०२४ मध्ये गाजलेल्या एका ब्रिटिश कादंबरीने दिशाच उलटी केली. तिच्यात आजचे सरकारी खाते जुन्या काळातली माणसे इकडे आणते. इतिहासाला धक्का लागू नये म्हणून त्या त्या वेळी मरणारच होती अशीच माणसे निवडली जातात. त्यांतला एक एकोणिसाव्या शतकात आर्क्टिकच्या बर्फात हरवलेल्या मोहिमेवरचा नौदल अधिकारी आहे. हा नियम खात्याला कितपत पाळायचा आहे, ते उत्तरार्धात उघड होते.