मावतं तेवढं पेलत नाही

अमेरिकेहून भारतात यायला निघालेल्या मराठी घरात आदल्या रात्री एक प्रयोग हमखास चालतो. बाथरूममधल्या वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहायचं, मग बॅग उचलून उभं राहायचं आणि दोन आकड्यांची वजाबाकी करायची. २३ किलोच्या वर गेलं की पापडांचा एक पुडा बाहेर. पण हेच कुटुंब उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडीला ट्रॅव्हल ट्रेलर जोडून निघतं तेव्हा कपाटात जागा दिसेल तोवर सामान भरत राहतं. तिथे काउंटरवर अडवणारं कुणी नसतं.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीने मागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, फ्रीज, संडास, सगळं आत. अमेरिकेतला हा उद्योग प्रामुख्याने इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या भागात एकवटला आहे. या ट्रेलरवर दाराशी एक पिवळं लेबल असतं. सामानाचं वजन किती किलोच्या वर कधीही जाता कामा नये, हे त्यावर छापलेलं असतं. पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरल्या तर त्यातले किती किलो पाण्यातच संपतील, हेही असतं. हा पाण्याचा आकडा वेगळा सांगावासा वाटला, यातच सगळं आलं.

हिशोब करून बघू. समजा ट्रेलरचं जास्तीत जास्त परवानगी असलेलं वजन ३,००० किलो आहे आणि रिकामा ट्रेलर २,५०० किलोचा. म्हणजे सामानाला ५०० किलो. चार माणसं, एक आठवडा. टाकी ४० गॅलनची, म्हणजे १५१ लिटर, म्हणजेच १५१ किलो. गिझरमधलं पाणी २३ किलो. बॅटरी २५. माणशी रोज दीड किलो शिधा धरला तर ४२. पिण्याच्या पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्या १२. कपडे माणशी दहा किलो, म्हणजे ४०. अंथरूण-पांघरूण १५. कुकर, तवा, पातेली, ताटवाट्या २०. घडीच्या खुर्च्या आणि टेबल २०. पाण्याचे पाइप, जॅक, हत्यारं, चाकाखाली द्यायचे ठोकळे ३५. झाले ३८३. मुलांच्या हट्टाखातर चार सायकली घेतल्या की ४२८.

सायकली सोडल्या तर यातली एकही वस्तू चैनीची नाही. आणि कपाटं अजून अर्धी रिकामी दिसत असतात. मला या विषयातली सगळ्यात घातक गोष्ट हीच वाटते. डोळा जागा मोजतो, वजन मोजत नाही. कागद वीतभर जागा घेतो, पण प्रिंटरच्या नेहमीच्या ए-फोर कागदांचा पाचशे पानांचा एक गठ्ठा अडीच किलोचा असतो. उशा कपाट भरून टाकतात आणि वजनात जवळजवळ काहीच नसतात.

अंदाजशास्त्रात एक दिलासा देणारा नियम आहे. शंभर वस्तूंच्या अंदाजात प्रत्येकी अर्ध्या किलोची चूक झाली, तरी एकूण चूक पन्नास किलो होत नाही, साधारण पाच किलोच होते. कारण काही चुका जास्तीच्या असतात, काही कमीच्या, आणि त्या एकमेकींना खोडतात. एनरिको फर्मी हे भौतिकशास्त्रज्ञ अशा अंदाजांसाठी प्रसिद्ध होते. १९४५ साली पहिल्या अणुचाचणीच्या वेळी त्यांनी हातातले कागदाचे कपटे सोडले, ते हवेच्या धक्क्याने किती लांब सरकले हे पाहिलं आणि स्फोट दहा हजार टन टीएनटी या स्फोटकाच्या तोडीचा असल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात तो दुपटीहून अधिक होता, तरी अंदाज म्हणून ही कमालच. पण टायरला दुपटीची चूक सोसत नाही. शिवाय सामानाच्या यादीतली चूक दोन्ही बाजूंना होत नाही. आपण वस्तू विसरतो. नसलेली वस्तू यादीत सहसा कुणी लिहीत नाही. ही चूक एकाच दिशेची असते, त्यामुळे ती खोडली जात नाही, साचत जाते.

पाणी वापरलं की वजन घटतं, असंही अनेकांना वाटतं. ते फक्त जागा बदलतं: साठ्याच्या टाकीतून सांडपाण्याच्या टाकीत. मुक्कामाच्या ठिकाणी नळाचा पाइप जोडलेला असेल तर आणखी पंचाईत. साठ्याची टाकी तशीच भरलेली राहते आणि नळाच्या पाण्याने सांडपाण्याच्या टाक्याही भरतात. त्यात २५० लिटर साठलं असेल आणि ते न उपसता निघालात, तर आपले ४२८ किलो ६७८ झाले. ५००ची मर्यादा केव्हाच मागे पडली. जास्त भाराने टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात, वाकण्याने तापतात, आणि उन्हाळ्यात लांबच्या रस्त्यावर तापलेला टायर फुटतो.

आता सामान कुठे ठेवलं, हा प्रश्न. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि सापत्या बैलांच्या गळ्याला आवळतात. ट्रेलरचंही तसंच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकवतात त्या जागेवर, यायला हवा. तो कमी पडला तर ठरावीक वेगानंतर ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झुलू लागतो आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. समजा जोडापासून ट्रेलरच्या चाकांचा आस पाच मीटरवर आहे आणि त्या ४५ किलोच्या सायकली आसाच्या तीन मीटर मागे टांगल्या आहेत. तरफेच्या नियमाने जोडावरचा भार २७ किलोने घटतो आणि आसावर ४५ नव्हे, ७२ किलो वाढतात.

म्हणून यादीवर न थांबता काटा करावा. उसाची गाडी कारखान्यावर भरलेली तोलतात, मग रिकामी. फरक म्हणजे ऊस. अमेरिकेत हमरस्त्यांवरच्या ट्रक थांब्यांवर मालवाहू ट्रकांसाठी मोठे काटे असतात आणि थोडे पैसे भरून तिथे कुणालाही गाडी तोलता येते. आधी जोडलेल्या स्थितीत, ट्रेलरची चाकं काट्याच्या वेगळ्या फळीवर घेऊन. मग ट्रेलर बाजूला सोडून, त्याच माणसांसह नुसती गाडी. दोन्ही बेरजांतला फरक म्हणजे ट्रेलरचं खरं वजन. त्यातून ट्रेलरच्या चाकांवरचा आकडा वजा केला की उरतो तो जोडावरचा भार. ट्रेलर घेतला त्याच दिवशी रिकामा तोलून ठेवला असेल तर कुटुंबाने नेमकं किती सामान भरलं, तेही कळतं.

आकडा जास्त निघाला तर कुकरला हात लावण्याआधी पाण्याकडे बघावं. टाकी पाव ठेवून निघालं की ११३ किलो एका फटक्यात कमी होतात. मात्र ती टाकी आसाच्या पुढे असेल तर जोडावरचा भारही उतरतो, म्हणून पाणी सोडल्यावर पुन्हा एकदा काटा करावा.