श्वास मोजणारे मणी

लहान मूल धापा टाकू लागले, त्याचे पोट भात्यासारखे उडू लागले, की ‘डब्बा झाला’ असे महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत म्हटले जाते. आजाराचे कारण हे नाव सांगत नाही, पण ज्या आज्यांनी ते रुळवले त्यांचे निरीक्षण मात्र अचूक होते. तान्ह्या मुलाच्या बरगड्या मोठ्या माणसाच्या तुलनेने आडव्या असतात आणि त्याचा श्वास मुख्यतः श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधील स्नायूच्या पडद्याच्या बळावर चालतो. त्यामुळे फुप्फुसात बिघाड झाला की तो छातीपेक्षा आधी पोटावर दिसतो. निरीक्षण बरोबर आणि उपाय भयंकर, अशी ही जुनी गल्लत आहे. पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची प्रथा याच उडणाऱ्या वा फुगलेल्या पोटाकडे पाहून पडली असावी.

हा ‘डब्बा’ म्हणजे अनेकदा न्यूमोनिया, फुप्फुसांचा संसर्ग असतो. त्यात नेमके काय होते, ते पाहू. फुप्फुसांत लक्षावधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. न्यूमोकॉकस किंवा हिमोफिलस इन्फ्लुएन्झा यांसारख्या जिवाणूंचा संसर्ग झाला की या कोशांत पाणी आणि पू साचतो, प्राणवायू शिरण्याची जागा आकसते आणि फुप्फुस ताठर होते. नवा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात, तसेच ताठर फुप्फुसात खोल श्वास ओढायला स्नायूंना फार श्रम पडतात. खोल श्वास परवडत नाही म्हणून शरीर उथळ श्वास घेते, आणि उथळ श्वासांची तूट भरून काढण्यासाठी ते भराभर घेते. श्वासाची वाढलेली गती ही अशी शरीराने केलेली काटकसर असते. आजार आणखी वाढला की मूल श्वास आत घेत असताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जाऊ लागतो.

निदानासाठी स्टेथोस्कोप आणि क्ष-किरण लागतात, अशी आपली समजूत असते. परंतु रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या बाळाच्या छातीतील बारीक आवाजांविषयी अनुभवी डॉक्टरांचेही एकमत होत नाही. पापुआ न्यू गिनी या देशात काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शॅन आणि त्यांचे सहकारी यांनी, जिथे डॉक्टर पोहोचणारच नाही तिथे कोणत्या खुणेवर विसंबता येईल याचा शोध घेतला, आणि श्वासांची साधी मोजणी ही त्यांना सर्वांत भरवशाची खूण वाटली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेले मूल दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण मानले जाते.

कागदावर हे सोपे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली आणि बालन्यूमोनियावर काम सुरू केले, तेव्हा या मोजणीतील खरी अडचण समोर आली. गावात मुलाच्या सर्वांत जवळ असणारी जाणती व्यक्ती म्हणजे दाई, आणि बहुतेक दाया निरक्षर होत्या. सलग पन्नासपर्यंत आकडे म्हणत त्याच वेळी घड्याळाच्या काट्याकडे पाहणे त्यांच्याकडून होण्यासारखे नव्हते. त्यावर जे साधन तयार झाले ते मला आधुनिक वैद्यकातील देखण्या शोधांपैकी एक वाटते. एका लहान चौकटीत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी आणि एक त्यांच्याहून मोठ्या बाळांसाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. पन्नास मोजता आले नाहीत तरी दहा मोजता येतात, एवढ्या एका गोष्टीवर ते उभे होते.

मात्र मोजण्याचेही शास्त्र आहे. मूल शांत हवे. रडताना किंवा दूध पिताना केलेली मोजणी फसवी ठरते. अंगरखा वर करून पोटाच्या हालचाली पूर्ण एक मिनिट मोजाव्या लागतात, कारण तान्ही बाळे काही सेकंद भराभर श्वास घेतात आणि मग क्षणभर थांबतात. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याचा आळस इथे महागात पडतो.

गडचिरोलीतील या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ५८ गावांत आरोग्यसेवक आणि दाया यांनी श्वास मोजून को-ट्रायमॉक्साझोल हे तोंडाने घ्यायचे प्रतिजैविक दिले आणि ४४ गावे तुलनेसाठी ठेवली होती. पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियामुळे होणारे मृत्यू उपचाराच्या गावांत तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी आढळले. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी एक टक्काही मुले दगावली नाहीत. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते.

तरी नवजात बाळांचा प्रश्न बऱ्याच अंशी उरला. पहिल्या महिन्यातील बाळ अनेकदा खोकतच नाही. जंतुसंसर्ग झाला की ते फक्त दूध ओढेनासे होते, गळून जाते किंवा गार पडते, आणि या खुणा घरच्यांना आजारासारख्या वाटत नाहीत. म्हणून १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला. या स्त्रिया बाळाचे वजन करीत, त्याला उबेत ठेवायला आणि अंगावर पाजायला आईला शिकवीत, आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. गावातील बाई तान्ह्याला सुई टोचणार, ही कल्पना त्या वेळी वैद्यकीय वर्तुळाला धक्कादायक वाटणे साहजिक होते. त्या गावांतील नवजात मृत्युदर दर हजार जन्मांमागे ६२ वरून सुमारे २५ पर्यंत उतरला. २०११ साली घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचे काम देशभरातील ‘आशा’ कार्यकर्तींकडे आले. पहिल्या बेचाळीस दिवसांतील ठरावीक दिवशी या कार्यकर्त्या बाळाला भेटून तपासतात.

या पद्धतीच्या मर्यादाही लपवण्याजोग्या नाहीत. ताप, दमा आणि विषाणूंमुळे होणारा त्रास यांतही श्वास जलद होतो, त्यामुळे ज्यांना प्रतिजैविकाची गरज नाही अशा काही मुलांनाही ते मिळते, आणि औषधाला दाद न देणारे जंतू वाढण्याचा धोका त्यात आहे. याउलट फार कुपोषित मुलाच्या स्नायूंत जलद श्वास घेण्याचेही बळ नसते; त्याची मोजणी सामान्य भरते आणि न्यूमोनिया निसटतो. जिथे कुपोषण जास्त तिथेच मोजणी जास्त चुकते, ही या साधनाची सर्वांत बोचणारी उणीव आहे. कुपोषण, चुलीचा धूर आणि गोवर यांनी न्यूमोनियाची वाट सोपी होते. न्यूमोकॉकसवरील लस भारतात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली, तिने या आजाराचा एक मोठा वाटा टाळता येतो. पण ती प्रत्येक जंतूवर चालत नाही, म्हणून मोजणी संपत नाही.

औषध मात्र बदलले आहे. जागतिक आरोग्य संघटना आता को-ट्रायमॉक्साझोलऐवजी अमॉक्सिसिलिनची शिफारस करते. त्याची विरघळणारी गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या काढलेल्या दुधात कालवून देता येते, तिला फ्रिज लागत नाही आणि सिरपच्या बाटलीसारखी ती वाहून नेताना फुटत नाही. २०१४ च्या मार्गदर्शनानुसार दोन महिन्यांवरील मुलाची छाती आत ओढली जात असली, तरी ते पीत असेल, शुद्धीत असेल, त्याला झटके येत नसतील आणि धोक्याचे दुसरे कोणतेही लक्षण नसेल, तर त्याच्यावर याच गोळीने घरी उपचार करता येतात. पावसाळ्यात नाला भरला की ज्या पाड्याचा रस्ता तुटतो, तिथल्या आईला त्यामुळे धापा टाकणारे मूल पाठीशी बांधून पाण्यात उतरावे लागत नाही.