टेनपिन बोलिंग : लेन कंडिशन आणि स्कोअर

ज्या लांब पट्टीवरून बॉल टाकून पिन पाडतात त्या लेनवर तेल किती टाकलंय, कुठल्या भागात टाकलंय आणि किती फुटांपर्यंत टाकलंय, याला लेन कंडिशन म्हणतात. फाउल लाइनपासून (जिच्या मागून बॉल टाकायचा ती रेघ) हेडपिनपर्यंत (सगळ्यात पुढची पिन) लेन ६० फूट, रुंदीला ३९ बोर्ड म्हणजे उभ्या फळ्या, आणि तेलाचा थर इतका पातळ की नजरेला कळतच नाही, पण निम्मा खेळ त्याच्यावरच ठरतो. तेलावरून बॉल घसरत जातो, तेल संपून कोरडी लेन लागली की पकड घेतो आणि हुक होऊन म्हणजे वळून पॉकेटमध्ये, हेडपिन आणि तिच्या शेजारच्या पिनच्या मधल्या फटीत, शिरतो.

साध्या लीगमध्ये जो हाउस पॅटर्न म्हणजे तेलाची नेहमीची मांडणी असते त्यात मधे भरपूर तेल आणि कडेला जवळजवळ कोरडं, त्यामुळे उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल चुकून बाहेर गेला तर कोरडा भाग त्याला परत आत ओढतो, आत राहिला तर तेल त्याला धरून ठेवतं, म्हणजे पॉकेटकडे नेणारं नरसाळंच झालं. स्पोर्ट पॅटर्न म्हणजे अवघड मांडणी, त्यात अमेरिकेच्या यूएसबीसी या बोलिंग संस्थेच्या नियमाने मधल्या आणि कडेच्या तेलात फार फरक नको. तिथे दोन-तीन बोर्ड चुकले की चुकले, कोणी सावरत नाही. हाउसवर २०० च्या पुढे ॲव्हरेज असलेले लोक तिथे बरेच खाली येतात, म्हणून पॅटर्न न सांगता नुसतं ॲव्हरेज सांगण्याला काही अर्थ नाही.

लांबीचाही हिशोब आहे. पॅटर्नच्या फुटांतून ३१ वजा करायचे, जो आकडा येईल साधारण त्या बोर्डवरून (उजव्या हाताच्या खेळाडूने उजव्या कडेपासून मोजायचा) बॉल वळायला हवा. ४० फुटांना नववा बोर्ड, ३५ फुटांना चौथा, म्हणजे अगदी गटरच्या, लेनच्या बाजूच्या खाचेच्या, काठावर. नियम ढोबळ आहे पण सुरुवात करायला पुरतो.

आणि तेल जागेवर राहत नाही. १९९० च्या दशकात आलेले रिॲक्टिव्ह रेझिनचे बॉल तेल शोषून घेतात, बॉल नेहमी जातो तो ट्रॅक कोरडा पडतो, बॉल लवकर वळायला लागतो, मग उजव्या हाताचे खेळाडू डावीकडे सरकत जातात. प्लास्टिकचे बॉल उलट तेल पुढे ढकलतात आणि शेवटचा हुक मंदावतो. डावखुरे कमी असल्याने त्यांची बाजू जास्त वेळ टिकते. हे बदल वेळेवर ओळखणं हेच मोठ्या खेळाडूचं खरं कसब.

लेन कंडिशनवरून झालेला सगळ्यात मोठा वाद ग्लेन ॲलिसन या खेळाडूचा. १ जुलै १९८२ ला कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रामध्ये त्यांनी लागोपाठ तीन गेममध्ये ३०० म्हणजे गेमचा सर्वोच्च स्कोअर मारला, ३६ स्ट्राइक (पहिल्याच बॉलला सगळ्या पिन), एकूण ९००. तेव्हाच्या अमेरिकन बोलिंग काँग्रेसने लेन तपासली, कंडिशन नियमात बसत नाही म्हणून मान्यता नाकारली. लेनला तेल काही त्यांनी लावलं नव्हतं, त्यामुळे हा निर्णय त्यांच्यावर अन्यायच वाटतो, पण लेन तपासायचीच नाही म्हटलं तर रेकॉर्ड कशाच्या जोरावर मोजणार हा प्रश्नही खराच आहे. पहिला मान्यताप्राप्त ९०० शेवटी फेब्रुवारी १९९७ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकनला जेरेमी सोनेनफेल्डच्या नावावर लागला.